नेरळची काळी खडी, माथेरानची लाल धूळ

ट्रॅक टाकून झालाय. वळणं नीट बसलीत, इंजिन कुठे अडखळत नाही. तरी टेबलावरची तुमची माथेरानची गाडी खेळणंच दिसते, आणि त्याचं कारण तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. पाकिटातली राखाडी खडी तुम्ही नेरळपासून माथेरानपर्यंत एकाच हाताने पसरलीत, वरून गंजाच्या रंगाचा एक फवारा मारलात आणि त्याला वेदरिंग म्हणालात. ठेवा तो ब्रश खाली. चष्मा सांभाळा, चपला घाला आणि चला माझ्याबरोबर खऱ्या लाईनवर, ६१० मिलिमीटर गेजच्या. वर्ष असं निवडलंय की या घाटाला अजून डिझेलचा वास लागलेला नाही.

हे नेरळ. मे महिन्यातली सकाळ, पण ऊन आत्ताच मानेला चावतंय. मुंबईची गाडी मोठ्या फलाटाला लागलीये आणि तिच्यातून उतरलेली अख्खी गर्दी छोट्या गाडीकडे सुटलीये. पळा, नाहीतर तुडवले जाल! एक होल्डॉल कमरेत बसतो, पाठोपाठ पत्र्याची ट्रंक नडगीवर. "बाजू, बाजू!" हमाल तुमच्याकडे बघतही नाही. कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलीये, कुणी रुमालाला न जुमानता पोरगंच आत टाकलंय. सोला हॅट घातलेले एक पारशी आजोबा फिरकीचा तांब्या उगारून रुमालवाल्याशी भांडताहेत. भाषा गुजराती की मराठी ते त्यांनाही सांगता येणार नाही. ठाकर बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन खिडक्यांखालून फिरताहेत. घामाचा, खोबरेल तेलाचा आणि कोळशाच्या धुराचा मिळून एकच वास झालाय.

सगळे जागा बघताहेत. तुम्ही खाली बघा, त्यासाठी आलोय.

इंजिन उभं आहे तिथे वाका. ओरेनस्टाइन अँड कोप्पेल या जर्मन कंपनीने या लाईनसाठी बनवलेल्या चार इंजिनांपैकी हे एक. बुटकं, काळं, सारखं कुठून ना कुठून फुसफुसणारं. त्याच्या पोटाखालची खडी दगडाच्या रंगाची उरलेलीच नाही. तेल, राख आणि पाणी यांचा काळा लगदा दगडांच्या फटीत भरलाय, मधूनमधून कोळशाचे बारीक कण चमकताहेत. बोट लावा. कोमट, चिकट, आणि आता हे बोट दिवसभर असंच राहणार. आता चार पावलं मागे या. डबे उभे आहेत तिथली खडी कोरडी, धुळकट, करडी-तपकिरी. फलाटाच्या कडेला पानाच्या पिचकाऱ्या. इंजिन आणि डब्यांच्या मधल्या या चार पावलांत रंग बदलला, आणि तुम्ही तर सगळीकडे एकच फवारा मारलात. टेबलावर ही काळी जागा इंजिन थांबतं तेवढ्यापुरतीच ठेवा आणि तिला थोडी चमक राहू द्या. तेल वाळलं तरी मॅट दिसत नाही. (शेजारच्या मोठ्या लाईनवर रुळांच्या मधोमध जे पडलेलं असतं, त्याचा रंग घरात आणायचा की नाही हे घरच्यांना विचारा.)

शिट्टी! चढा, जागा मिळेल तिथे. गुडघे पलीकडच्यांच्या गुडघ्यांत अडकतात आणि वर पोहोचेपर्यंत ते तिथेच असणार. गाडी हिसका देते, आजोबांचा तांब्या सांडतो, भांडण मिटतं.

चढ वीसास एक. वीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. इंजिन एकेक श्वास मोजून टाकतंय आणि प्रत्येक श्वासागणिक खिडकीतून ठिणग्या, कोळशाची कणी. डोळा चोळू नका. बाहेरचं गवत वाळून पिवळं पडलंय, कातळावरून परतणारी गरम हवा तोंडावर आदळते. चाल इतकी संथ की पोरं उतरून करवंदं तोडतात आणि मागच्या डब्यात चढतात. तुम्हीही उतरा. त्या वळणापलीकडे गँग काम करतेय.

पाच-सहा माणसं, डोक्याला फडकी, अंगावर बंडी, तीही घामाने पाठीला चिकटलेली. एकाने पहार घालून रूळ किंचित उचलून धरलाय. दोघे समोरासमोर उभे राहून बीटरने स्लीपरखाली खडी ठोकताहेत. एकाचा घाव पडतो तेव्हा दुसऱ्याचा वर असतो. खण्, खण्. आवाज आधी पोकळ असतो, मग भरीव होतो. भरीव झाला की मुकादम पुढच्या स्लीपरकडे बोट करतो. पट्टी नाही, माप नाही, सगळं कानावर.

"पाहुणे, नुसतं बघायला आलात का? घ्या घमेलं."

घ्या. कडा तळव्यात रुततात. खडी ओता आणि मूठभर हातात ठेवा. सह्याद्रीचाच काळा दगड, पण नीट बघा: जो आज फुटलाय तो निळसर करडा, आणि जो काही पावसाळे इथे पडून आहे त्याच्यावर तपकिरी साय धरलीये. म्हणून नवी खडी टाकलेला तुकडा जुन्या लाईनवर लांबूनही फिकट दिसतो. तुमच्या ट्रॅकवर असा एखादा हातभर फिकट तुकडा हवा. पाहणारा विचारेल, इथे रंग द्यायचा राहिला का? सांगा, कालच गँग येऊन गेली.

दगडाला धार आहे हेही लक्षात घ्या. गोटे असते तर चाकाखाली सरकले असते. हे दगड धारेला धार लावून एकमेकांना धरतात आणि तरी मधून पाणी जाऊ देतात. खऱ्या खडीला डिंक लागत नाही. तुम्हाला लागतो: फेव्हिकॉलमध्ये पाणी, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर ते मिश्रण खडीत न मुरता वरच गोळे करून बसतं. आधी खडी कोरडीच ब्रशने बसवा, फवाऱ्याने ओलावा, मग ड्रॉपरने सोडा आणि रात्रभर हात लावू नका. मापाचं मात्र मुकादमाला कळू देऊ नका. दोन इंची दगड १:८७च्या मॉडेलमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून जरासा मोठा होतो. तुम्ही आणलेली खडी दीड मिलिमीटरची आहे. म्हणजे तुमचे गँगमन घमेल्यातून नारळ वाहताहेत. रुळांमधल्या अंतराचं तर विचारूच नका. ६१० मिलिमीटरचे १:८७ला सातच होतात आणि बाजारात मिळतो तो ट्रॅक नऊचा. ते दोन मिलिमीटर मी माफ केले, खडीचे नारळ करणार नाही.

पळत गाडी गाठा. वॉटर पाईप स्टेशनला इंजिन पाणी पितंय. इथे रुळांच्या बाजूला ओल आहे, दगडांवर शेवाळ, राखेचे ढीग. दोन माकडं तुमच्या खिशाचा अंदाज घेताहेत. वाटेत एक बोगदा येतो, या लाईनवरचा एकुलता एक. तो इतका आखूड की त्याला वन किस टनेल म्हणतात. एवढ्या वेळात चुंबनापेक्षा तोंडात धूर जायची शक्यता जास्त.

आणि मग, झाडं दाट व्हायला लागतात, हवा एकदम हलकी होते, घाम गार पडतो आणि खालचा रंग बदलतो. माथेरान! डोंगराचं डोकं जांभ्याचं, त्यामुळे वर सगळं लाल. घोड्यांच्या टापांनी उडालेली धूळ, हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर धूळ, धोतरांच्या काठांवर धूळ. स्टेशनात खडी आहे की नाही ते पायाने चाचपून बघावं लागतं; काळा दगड लाल पिठाखाली गडप झालाय. स्लीपर लाल, रुळांच्या कुशी लाल, फक्त माथ्यावर दोन चकचकीत रेघा. घोडेवाला लगाम तुमच्या हातात कोंबतोय, हमालाने तुमची नसलेली बॅग उचललीये, आणि तुम्ही मात्र भर गर्दीत उकिडवे बसून माती रुमालात बांधताय. बांधा, हाच रंग कुठल्या डबीत मिळणार नाही. घरी गेल्यावर चहाच्या गाळणीतून गाळा. पण आधी कागदावर पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. जांभ्यात लोह असतं. चुंबकाला चिकटणारे कण ट्रॅकवर राहिले तर इंजिनाची मोटर ते ओढून घेईल आणि एक दिवस रुसून बसेल.

उतरताना आत बसू नका. दोन डब्यांच्या मध्ये, ब्रेकवाल्याशेजारी उभे राहा. ही गाडी उतारावर इंजिनाच्या एकट्याच्या जिवावर धरून ठेवत नाहीत. हाताने फिरवायची ब्रेकची चाकं डब्यांवर आहेत आणि एकेका चाकामागे एकेक माणूस. शिट्टीचा इशारा झाला की सगळे एकदम आवळतात. लोखंड लोखंडावर घासतं, दात आंबतील असा आवाज, तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा वास, आणि बारीक, न दिसणारा चुरा. जिभेवर त्याची चव येते. हाच चुरा खाली पडतो, दहिवरात गंजतो आणि नारिंगी-तपकिरी होतो. म्हणून रुळांच्या जवळच्या खडीवर तो रंग दाट, बाहेरच्या कडेला विरळ; उभ्या उतारावर जास्त, सपाटीवर जवळजवळ नाहीच. अगदी बारीक ब्रश, जवळजवळ कोरडा, रुळाला समांतर. कुठे दाट लावायचं हे शिट्टी सांगेल. वळण आलं की...

"ओ साहेब!" ब्रेकवाला तुमच्या कानात ओरडतो. त्याने आपलं चाक सोडलेलं नाही, मानेनेच पलीकडच्या चाकाकडे खूण करतोय. "खाली काय वाकून बघताय? तो जोडीदार पाणी प्यायला उतरला तो राहिला मागेच. शिट्टी झाली ना? धरा ते चाक. उजवीकडे! उजवीकडे, अजून, अजून!"