इसबाचे तीन कप्पे

चिनी वैद्यकाच्या आजच्या पाठ्यपुस्तकांत इसबाचे तीन ठरलेले प्रकार भेटतात. लाल, पाणी सुटणारी त्वचा आणि जिभेवर पिवळा चिकट थर असेल तर ‘ओलसर उष्णता’. जीभ फिकट, सुजरी, कडांवर दातांचे वळ असतील तर ‘दुबळी प्लीहा’. कातडी जाड, भेगाळलेली आणि नाडी दोऱ्यासारखी बारीक असेल तर ‘रक्त कमी, वारा जास्त’. हे सारं हजारो वर्षांचं ज्ञान म्हणून सांगतात. मला मात्र त्यात पाश्चात्त्य त्वचारोगशास्त्राचे अ‍ॅक्यूट, सबअ‍ॅक्यूट आणि क्रॉनिक हे तीन टप्पेच दिसतात, चिनी अंगरखा घालून बसलेले.

जुने वैद्य नाव देत ते बहुधा जागा किंवा वय पाहून. कोपर-गुडघ्यांच्या लवणीतलं इसब म्हणजे ‘चार वाकणांचा वारा’, तान्ह्या बाळाचं ते ‘दुधाचा नायटा’.

ओल, वारा, रक्त हे शब्द जुनेच आहेत, असं परंपरावादी म्हणतील. आहेतच. पण वैद्य चेन शिगोंग यांच्या १६१७ च्या ग्रंथातला ‘वारा घालवणारा’ काढा पाहा. तेरा औषधं: सिकाडा किड्याची कात वाऱ्यासाठी, कडू मुळं ओलीसाठी, जिप्सम उष्णतेसाठी, तीळ रक्तासाठी. कप्पे तेव्हाच पक्के होते, तर सगळ्यांतली औषधं एकाच भांड्यात कशाला? आजार मिश्र असतो, असं उत्तर येतं. मग कप्पे तरी कशाला?

माझ्या मते ते १९५० च्या दशकात पक्के झाले. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि चेंगडू इथे सरकारी महाविद्यालयं निघाली. परीक्षेला बसणाऱ्यांना तक्ते हवे होते. बीजिंगचे नामांकित त्वचारोगवैद्य झाओ बिंगनान यांच्या १९७५ च्या अनुभवसंग्रहात रोगाचं नाव पाश्चात्त्य आणि त्याखालचं निदान चिनी, अशी मांडणी स्वच्छ दिसते.

गंमत पुढेच आहे. १९९२ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोरड्या, अंगभर पसरलेल्या इसबाचेच रुग्ण निवडले आणि सगळ्यांना दहा वनस्पतींचा एकच ठरीव काढा दिला. गुण आला. १९९९ मध्ये हाँगकाँगच्या चाचणीत त्याच काढ्याचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. प्रत्येकाची जीभ-नाडी पाहून काढा बदलला नाही, तर दुसरं काय होणार, असं कप्पेवाले म्हणणारच. पण मग लंडनमध्ये गुण आला तो कशाने?