वेगाची तीन घराणी: मसल, स्पोर्ट्स आणि एक्झॉटिक

बुटकी, दोन दारांची आणि सिग्नल सुटताच गुरगुरत पुढे झेपावणारी गाडी दिसली, की आपल्याकडे तिला सरसकट ‘स्पोर्ट्स कार’ म्हटले जाते. सचिन तेंडुलकरची फेरारी असो, हॉलिवूडच्या चित्रपटात दिसणारी मस्टँग असो वा दोन आसनांची छोटी माझदा, नाव एकच. वाहनजगतात मात्र या तीन गाड्या तीन वेगळ्या घराण्यांच्या मानल्या जातात. त्यांच्यातील फरक कमाल वेगाच्या आकड्यावरून कळत नाही. गाडी घडवताना अभियंत्यांनी कशाला प्राधान्य दिले आणि कशावर पाणी सोडले, हे पाहिले की तो उलगडतो.

मसल कार: सामान्यांच्या खिशाला परवडणारी ताकद

मसल कार ही अस्सल अमेरिकी उपज. तिचे सूत्र अगदी सरळ आहे: मध्यम आकाराची साधी कौटुंबिक गाडी घ्यायची, तिच्यात मोठ्या गाडीचे अवाढव्य व्ही-८ इंजिन बसवायचे आणि किंमत तरुणाला परवडेल इतकी ठेवायची. असे प्रयोग पूर्वीही झाले होते. पण या प्रकाराची मुहूर्तमेढ १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओने रोवली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

या गाडीच्या जन्माची कथा रंजक आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पॉन्टिअॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट शोधली. नियम नव्या मॉडेलला लागू होता. म्हणून ३८९ घन इंचांचे, ६.४ लिटरचे इंजिन त्यांनी ‘टेम्पेस्ट’ या चालू मॉडेलवरील ऐच्छिक सुविधा म्हणून विकायला काढले. त्यासाठी ग्राहकाला सुमारे ३०० डॉलर जादा मोजावे लागत आणि हाती येत ३२५ अश्वशक्ती. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुरे, अशी अपेक्षा होती. पहिल्याच वर्षी खपल्या ३२ हजारांहून अधिक.

दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी त्याच सुमारास वाहन परवान्याच्या वयाला पोहोचत होती. पेट्रोल स्वस्त होते आणि रस्ते सरळ, रुंद होते. पाव मैलाच्या सरळ शर्यतीत कोण आधी पोहोचतो, यावर गाडीची प्रतिष्ठा ठरे. साहजिकच कंपन्यांमध्ये चढाओढ लागली. १९६६ मध्ये क्रायसलरने शर्यतीसाठी घडवलेले सात लिटरचे ‘हेमी’ इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत आणले, तर १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ ची ताकद ४५० अश्वशक्तीवर गेली. १९६४ मध्येच आलेली फोर्ड मस्टँग आकाराने लहान असल्याने जाणकार तिला ‘पोनी कार’ म्हणतात. पण मोठ्या इंजिनाची मस्टँग मसल कारमध्येच गणली जाते.

या स्वस्ताईची किंमत मात्र होती. इंजिनावर झालेला खर्च बाकीच्या अंगांवर झाला नाही. मूळ जीटीओला चारही चाकांना साधे ड्रम ब्रेक होते. जड इंजिन पुढे असल्याने नाकाकडे भार जास्त; वळणावर अशी गाडी आवरताना चालकाची परीक्षाच होई. विमा कंपन्यांनी तरुण चालकांसाठी हप्ते भरमसाट वाढवले. १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि त्यापाठोपाठ १९७३ चे तेलसंकट यांनी उरलीसुरली कसर भरून काढली. १९७४ च्या अमेरिकी मस्टँगमध्ये तर व्ही-८ इंजिनाचा पर्यायच नव्हता. पहिले पर्व दहा वर्षांत संपले.

स्पोर्ट्स कार: वळणावरचे कसब

स्पोर्ट्स कारचा विचार याच्या नेमका उलट आहे. इंजिन किती मोठे, यापेक्षा गाडी किती हलकी, हा तिचा पहिला प्रश्न. हलकी गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि वळणावर चालकाच्या हाताचा इशारा तत्परतेने ऐकते. युरोपातील अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर हे गुण अश्वशक्तीहून मोलाचे ठरले.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये बनलेल्या एमजी टीसीचे इंजिन अवघे १२५० सीसीचे आणि ताकद सुमारे ५४ अश्वशक्तीची होती. तरीही ती स्पोर्ट्स कारच. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९६२ मध्ये आणलेल्या ‘एलान’चे वजन सातशे किलोंच्या आसपास होते; त्या तुलनेत जीटीओ दीड टनाहून जड होती. जर्मनीच्या पोर्शेने १९६३ मध्ये सादर केलेल्या ९११ मध्ये इंजिन मागच्या आसाच्याही मागे ठेवले. ही तशी अडचणीची मांडणी. पण कंपनीने सहा दशके चिकाटीने सुधारणा करीत तिलाच आपली ओळख बनवले.

ब्रिटिश परंपरा मंदावल्यावर तिचा वारसा जपानने चालवला. १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ चे इंजिन १.६ लिटरचे, वजन एक टनाहून कमी, तर भार पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास समसमान होता. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. चालवण्याचा आनंद हा केवळ श्रीमंतांचा मक्ता नाही, हे तिने दाखवून दिले.

एक्झॉटिक कार: जिथे खर्चाचा हिशेब नसतो

तिसऱ्या घराण्यात तडजोड शक्यतो टाळली जाते. टाळण्याचा खर्च ग्राहक सोसतो. मोजकी संख्या, हातकाम, दुर्मीळ साहित्य आणि थबकून पाहायला लावणारे रूप ही एक्झॉटिक कारची लक्षणे. १९६६ च्या जिनिव्हा प्रदर्शनात आलेली लॅम्बोर्गिनी मिउरा हा तिचा आदर्श नमुना. चालकाच्या पाठीमागे आडवे बसवलेले बारा सिलिंडरचे इंजिन आणि बेर्तोनेच्या मार्चेल्लो गांदिनी यांनी रेखाटलेली काया यांनी पुढच्या पिढ्यांचा साचा ठरवला. सात वर्षांत साडेसातशेच्या आसपासच मिउरा बनल्या.

मॅक्लारेन एफ-१ ने १९९२ मध्ये रस्त्यावरच्या गाडीत प्रथमच कार्बन फायबरचा सांगाडा वापरला. इंजिनाची उष्णता परतवण्यासाठी तिच्या कप्प्याला सोन्याचा वर्ख लावला होता. एकूण १०६ गाड्या बनल्या. १९९८ मध्ये तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. हा टप्पा २००५ मध्ये एक हजार अश्वशक्तीच्या बुगाटी वेरॉनने ताशी ४०७ किलोमीटर वेगाने मागे टाकला.

सीमारेषा पुसट होतात तेव्हा

या व्याख्या दगडावरची रेघ नव्हेत. शेव्हरोले कॉर्व्हेट १९५३ पासून अमेरिकेची स्पोर्ट्स कार म्हणून ओळखली जाते. २०२० च्या मॉडेलमध्ये मात्र तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे गेले, म्हणजे मांडणी एक्झॉटिक झाली. तरी तेव्हा किंमत साठ हजार डॉलरांच्या आत सुरू होत होती.

देश बदलला तरी वर्ग बदलतो. २०१६ मध्ये मस्टँग जीटी भारतात आली तेव्हा तिची शोरूममधील किंमत ६५ लाख रुपये होती. अमेरिकेत जीटीची सुरुवात साधारण ३२ हजार डॉलरांपासून, म्हणजे तेव्हाच्या दराने बावीस लाखांच्या आसपास होत असे. परवडणारी ताकद ही जिची मूळ ओळख, ती गाडी आयात शुल्काचा समुद्र ओलांडून मुंबईत आली की एक्झॉटिक होते. या शुल्काचा भार केवढा, हे सचिनच्या फेरारी ३६० मोडेनाने साऱ्या देशाला दाखवले. २००३ मध्ये तिच्यावरील कोटीहून अधिक रुपयांच्या शुल्कमाफीवरून वाद झाला आणि अखेर ते शुल्क फियाटने भरले. याउलट १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार होऊ लागलेली सॅन स्टॉर्म ही फायबरची दोन आसनी गाडी अवघ्या ६० अश्वशक्तीची होती. पण हलकेपणाच्या निकषावर ती स्पोर्ट्स कारच्या मूळ कल्पनेला मस्टँगपेक्षा जवळची ठरते.

कशी ओळखावी?

गाडी साध्या मॉडेलपासून बेतलेली, लांब बॉनेटखाली मोठे व्ही-८ इंजिन, मागे बसायला जागा आणि ताकदीच्या मानाने किंमत माफक असेल, तर ती मसल कार. लहान, हलकी, बहुधा दोन आसनी आणि वळणावर खुलणारी ती स्पोर्ट्स कार. इंजिन बहुधा पाठीमागे, संख्या मोजकी आणि किंमत घराएवढी असेल, तर ती एक्झॉटिक.

विजेवरच्या गाड्यांनी हा हिशेब पुन्हा मांडायला लावला आहे. २०२१ मध्ये आलेली टेस्ला मॉडेल एस प्लेड ही चार दारांची कौटुंबिक गाडी. पण तिची ताकद हजार अश्वशक्तीहून अधिक आहे. म्हणजे मसल कारचा मक्ता कोणत्याही सेडानकडे जाऊ शकतो. डॉज चॅलेंजर आणि शेव्हरोले कॅमॅरो या दोन्हींचे उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबले. व्ही-८ इंजिनासह तग धरून आहे ती मस्टँग. एक्झॉटिक कार दुर्मीळतेच्या बळावर टिकेल. खरी कसोटी लागणार आहे स्पोर्ट्स कारची. त्या प्लेडचे वजन दोन टनांहून अधिक आहे आणि त्यात बॅटरीचा वाटा मोठा. अश्वशक्ती आता सहज मिळते. हलकेपणा मिळवणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे.