जुनी नावे परत येतात काय?

बल्लारपूरच्या परिसरात सेवा करीत असताना एका सायंकाळी तीन माणसे आमच्यासमोर स्नानसंस्काराची नोंदवही उघडी ठेवून बसली होती. बाळाचे आईवडील आणि वडिलांची आई. केरळातून कोळसाखाणीच्या नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाची ही तिसरी पिढी. आजींचे नाव त्रेस्या. सिरियन ख्रिस्ती घराण्यांच्या जुन्या रीतीप्रमाणे पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, तर पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचे नाव मिळते. त्या न्यायाने नातीचे नाव ठरलेलेच होते. परंतु वडील म्हणाले, "फादर, मला आजोबांचे नाव मिळाले आणि शाळेत दहा वर्षे मुले हसली. तेच हिनेही सोसावे काय?" आजींनी मान खाली घातली. आमच्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते. पुढे पुष्कळ दिवस आम्ही या प्रश्नाचा विचार करीत राहिलो. मागे पडलेले नाव पुन्हा रुजते काय?

वाचकहो, ज्या भूमीत हा प्रसंग घडला तिनेच नावाचे अनेक फेरे पाहिले आहेत. गोंड राजांची राजधानी इंग्रजी अमलात चांदा या नावाने ओळखली जात होती. १९६४ च्या सुमारास तिचे चंद्रपूर झाले. १९८२ च्या ऑगस्टमध्ये तिच्या जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. तरीही चांदा हे नाव पुसले गेले नाही. रेल्वेचे स्थानक चांदा फोर्ट म्हणूनच ओळखले जाते, आणि १९७७ मध्ये स्थापन झालेल्या आमच्या धर्मप्रांताचे नावही चांदाच राहिले. लोकांनी सोडलेले नाव कोठेतरी जपून ठेवलेले असले, तरच ते परत येऊ शकते, हा येथला पहिला धडा.

दुसरा धडा याच धर्मप्रांताच्या महागुरुस्वामींच्या नावांत आहे. पहिले जान्युआरिअस, हे नेपल्सच्या प्राचीन रक्तसाक्षीचे लॅटिन नाव. १९९० मध्ये आले विजय आनंद. हे नाव सर्वस्वी भारतीय. २०१४ मध्ये आले एफ्रेम. ३७३ मध्ये निवर्तलेल्या सिरियाक संतकवीचे नाव. लॅटिन, संस्कृत आणि मग सर्वांत जुन्या पूर्वेकडील परंपरेतले, असा हा क्रम आहे. काळ पुढे सरकला आणि नाव मात्र मागे जाऊन आपले मूळ शोधून आले.

नियमही बदलत गेले. लॅटिन ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या विधिसंहितेने धर्मगुरूंना सांगितले होते की, बालकाला ख्रिस्ती नाव द्यावे. आईवडील ऐकत नसतील तर संताचे नाव जोडून दोन्ही नावे वहीत नोंदवावीत. १९८३ च्या संहितेत ख्रिस्ती भावनेला परके असे नाव नसावे, एवढीच अपेक्षा उरली. मधल्या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२–६५) होऊन गेली होती, आणि देशी भाषेतल्या नावांना आपल्या घरांतून मोकळी वाट मिळाली. या मोकळ्या वाटेने कितीतरी नवी नावे आली. वसईकडचे पास्कू, बस्त्याव, दोमिंग मात्र मागे पडले.

येथे एक गंमत ध्यानात येते. दोमिंग म्हणजे प्रभूच्या वाराचा, रविवारचा. झाडीपट्टीत आणि गोंड वस्त्यांत वारावरून नाव ठेवण्याची रीत जुनी आहे; सोमा, मंगरू, बुधू, सुकरू, इतवारी. म्हणजे समुद्रकाठचा दोमिंग आणि जंगलातला इतवारी हे नामबंधूच. पण इतवारीच्या नावाला हसणारे लोक रविवारच्या अर्थाला हसत नसतात. ते त्याच्या गरिबीला हसतात. अशा नावाला केवळ काळाचा फेरा परत आणीत नाही. ते धारण करणाऱ्या माणसाला मान मिळावा लागतो. आम्हीही एकेकाळी एका मंगरूला, शाळेत घालताना "चांगले" नाव लावा, असे सुचविले होते. आज ते आठवले की लाज वाटते.

काळाचा फेरा खोटा नाही. अमेरिकेत एमा हे नाव १८८० च्या दशकात अतिशय लोकप्रिय होते, १९७० च्या दशकात ते मागे पडले, आणि २००८ मध्ये मुलींच्या नावांत पहिल्या क्रमांकावर आले. आईवडिलांच्या पिढीचे नाव शिळे वाटते. पणजीचे नाव मात्र कोणी थट्टेत ऐकलेले नसल्याने ताजे वाटते. पण फेऱ्याखेरीज दुसरेही एक कारण असते. १३३४ मध्ये निवर्तलेल्या बाविसाव्या जॉन यांच्यानंतर रोमच्या कोणाही अधिकृत परमगुरूंनी ते नाव घेतले नव्हते. ते १९५८ मध्ये तेविसाव्या जॉन यांनी घेतले. तेराव्या लिओंच्या १९०३ मधील निधनानंतर १२२ वर्षांनी, ८ मे २०२५ रोजी चौदावे लिओ निवडले गेले. श्रमिकांच्या हक्कांविषयी १८९१ मध्ये परिपत्रक काढणाऱ्या त्या पूर्वजांचे स्मरण म्हणून आपण हे नाव घेतल्याचे त्यांनी सांगितले. येथे नाव परत आले ते एका कार्याची आठवण म्हणून.

आता त्या सायंकाळकडे वळू. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आजीच म्हणाल्या, "फादर, बाळाच्या आईला आवडेल ते लिहा. मूल हसत शाळेत जाऊ दे." त्यावर सुनेने सासूचा हात धरला. आम्हाला १९१७ चा तो जुना नियम आठवला. तो नियम या सिरियन घराला लागू नव्हता. पण दोन नावांना एका ओळीत जागा देण्याची युक्ती त्यात होती. आम्ही आधी आईने निवडलेले नाव लिहिले आणि त्यापुढे त्रेस्या असे लिहिले.

मोठी झाल्यावर त्यांतले कोणते नाव ती सांगेल, ते तिचे तिने ठरवावे. पण जे नाव वहीत आहे ते तिला सापडेल. आपल्या घरी आजीआजोबा असतील, तर त्यांचे संपूर्ण नाव आणि ते कोणावरून ठेवले याची हकिकत आजच विचारून लिहून ठेवावी, एवढीच आमची विनंती.