खाडीचे पाहुणे

श्रोतेहो, हिवाळा सरत आला, की ओहोटीच्या वेळी एकदा ठाण्याच्या खाडीकडे जाऊन पाहा. काळ्या चिखलावर गुलाबी पट्टा पसरलेला दिसेल. हे रोहित पक्षी, म्हणजेच अग्निपंख. त्यांच्या पाठीमागे दिसतील तेलाच्या टाक्या, धुराडी आणि विजेचे मनोरे. हे शेजारपण जुळले कसे?

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने उभे राहत गेले. १९७० नंतर नवी मुंबई वसू लागली. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी खाडीत आले. कोळ्यांच्या जाळ्यातली मासळी घटली. आणि नेमक्या याच गढूळ पाण्यावर, १९९० च्या दशकात, रोहितांचे थवे मोठ्या संख्येने उतरू लागले.

याचे कारण त्यांच्या आहारात आहे. धाकटा रोहित मुख्यतः नीलहरित शेवाळावर जगतो आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर हे शेवाळ फोफावते. मग प्रदूषण पक्ष्यांच्या पथ्यावरच पडले म्हणायचे का? तसे म्हणणे घाईचे ठरेल. ज्या गाळात त्यांचे अन्न वाढते, त्याच गाळात कारखान्यांतले जड धातूही साचतात. आज भरलेले ताट उद्या विषारी होऊ शकते.

संरक्षणाची पावले सावकाश पडली. १९९१ साली किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या खारफुटीची तोड थांबवण्याचा आदेश दिला. २०१५ साली ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यानचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत आली.

पण पक्ष्यांना नकाशावरची हद्द कळत नाही. शिवडीचा चिखल अभयारण्याबाहेरच राहिला. तिथून निघणारा सागरी सेतू २०२४ साली सुरू झाला, तेव्हा त्यावर आवाज अडवणारे पडदे लावावे लागले. शिवाय भरती आली, की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि थवे नवी मुंबईतल्या पाणथळींवर विसाव्याला येतात. २०२४ सालीच नेरूळच्या अशाच एका तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट अडली आणि तलाव कोरडा पडला.

श्रोतेहो, ओहोटीला जेवायची जागा आपण राखली. भरतीला टेकायची जागा राखली नाही, तर पाहुणे थांबतील कुठे? आणि पाणी स्वच्छ ठेवण्याची निकड पक्ष्यांइतकीच काठावरच्या कोळ्यांनाही आहे. खाडी आधी त्यांच्या पोटाची आहे, मग आपल्या डोळ्यांची.