ग्रंथालयाची वर्गणी आणि विद्वानांची लेखणी

ज्या काळी विद्येची नियतकालिके कागदावर छापून टपालाने येत, त्या काळी ग्रंथालयाला एक निश्चिंती होती. पैसे आटले, वर्गणी थांबली, तरी मागले अंक बांधून कपाटात ठेवलेले असत. ते परत न्यावयास कोणी येत नसे. १९९० नंतर ही नियतकालिके इंटरनेटवर गेली आणि व्यवहाराचे रूपच पालटले. पूर्वी अंक विकत मिळे. आता प्रकाशकाच्या कोठारात शिरून वाचण्याची परवानगी मिळू लागली. मालकी गेली, भाडेकरूपण आले. हे भाडे परवडेनासे झाले म्हणजे काय होते, ते आपण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या उदाहरणावरून पाहू.

दहा ठिकाणी विस्तारलेले हे अमेरिकेतील सरकारी विद्यापीठ. २००८ च्या मंदीने राज्याची तिजोरी खंगली, अनुदानास कात्री लागली, आणि २००९ मध्ये अध्यापकांना व नोकरवर्गाला बिनपगारी रजा घ्याव्या लागल्या. ग्रंथालयेही त्यातून सुटली नाहीत. नेमक्या अशा वेळी 'नेचर'च्या प्रकाशकांनी ६७ नियतकालिकांचे नवे दर मांडले. सरासरी ४,४६५ डॉलरांची वर्गणी २०११ पासून १७,००० डॉलरांवर जाणार होती. विद्यापीठास आजवर वाजवीपेक्षा अधिक सवलत मिळत होती, असे प्रकाशकांचे म्हणणे होते.

तेव्हा ग्रंथपालांनी पदर पसरला नाही, हिशेब मांडला. मागील सहा वर्षांत या नियतकालिकांना विद्यापीठातील विद्वानांनी सुमारे ५,३०० लेख दिले होते. लेख यांचे, परीक्षणाचे श्रमही यांचे, आणि विकत घेणारेही हेच! जून २०१० मध्ये त्यांनी अध्यापकांना पत्र लिहिले, की वेळ आल्यास लेख व परीक्षणे देणे थांबवावे. ऑगस्टमध्ये दोन्ही पक्ष सामोपचाराच्या वाटेवर आले.

हा धडा पुढे कामी आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये विद्यापीठाने एल्सेव्हिअर या बलाढ्य प्रकाशनसंस्थेशी चाललेली बोलणी थांबवली. जुलैमध्ये नव्या लेखांची दारे बंद झाली. जुने लेख मात्र बहुतांशी हाती राहिले, कारण पूर्वीच्या करारांत तसे कलम घातलेले होते. अध्यापकांनी गैरसोय सोसली. मार्च २०२१ मध्ये नवा करार झाला आणि त्या विद्यापीठातील विद्वानांचे लेख जगातील कोणाही वाचकास विनामूल्य खुले करण्याची व्यवस्था त्यात आली.

आपल्याकडे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. लहान गावच्या सरकारी महाविद्यालयापर्यंत ही विद्या पोहोचावी, हा हेतू स्तुत्यच आहे. परंतु मुदतीचे भाडे ते भाडेच. मुदतीनंतर आपल्या कपाटात काय उरेल, आणि आपल्या विद्वानांचे लेख आपल्याच गावच्या वाचकास खुले राहतील काय, हे दोन प्रश्न करारावर सही होण्यापूर्वीच विचारावयाचे असतात. ते विचारण्याचा अधिकार विद्यापीठांइतकाच कर भरणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.