बाजाराचा दवाखाना : जॅक्सन शहरातील एका वास्तूचा इतिहास

वाड्यात शाळा भरावी, धर्मशाळेत दवाखाना चालावा, एखाद्या संस्थानिकाच्या राजवाड्यात सरकारी कचेरी थाटावी, हे आपणांस नवे नाही. परप्रांतात राहून संस्था चालविणाऱ्यांना तर जागेचे मोल निराळे सांगावयास नको. तथापि, गिऱ्हाइकांनी पाठ फिरविलेल्या एका प्रचंड बाजाराचे रूपांतर गोरगरिबांच्या आरोग्यकेंद्रात व्हावे, आणि ते तीन भिन्न परंपरांच्या संस्थांनी एकत्र येऊन चालवावे, ही घटना विरळा म्हणावी लागेल. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्याच्या राजधानीत, जॅक्सन शहरात, ती घडली. तिचा हा संक्षिप्त वृत्तांत.

ज्याला आज आपण मॉल म्हणतो त्या बंदिस्त, वातानुकूलित बाजाराचा जनक व्हिक्टर ग्रुएन. हा व्हिएन्नाचा वास्तुशिल्पी १९३८ साली नाझींच्या छळामुळे देश सोडून अमेरिकेत आला. त्याने आखलेला मिनेसोटातील साउथडेल हा बाजार १९५६ साली खुला झाला. त्याच्या कल्पनेत केवळ दुकाने नव्हती. बाजाराभोवती घरे, शाळा, बाग आणि वैद्यकीय केंद्र असावे, उपनगरांत विखुरलेल्या माणसांना एकत्र येण्यास एक चौक मिळावा, असा त्याचा मनोदय होता. प्रत्यक्षात व्यापाऱ्यांनी दुकाने आणि वाहनतळ एवढेच उचलले. आपल्या कल्पनेच्या या विपर्यासाने उत्तरायुष्यात ग्रुएन अत्यंत खिन्न झाला होता.

जॅक्सन मॉल उघडला तो १९७० साली. हे वर्ष त्या शहराच्या इतिहासात अनेक कारणांनी महत्त्वाचे आहे. नऊ वर्षांपूर्वी, मार्च १९६१ मध्ये, टुगालू महाविद्यालयाच्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना याच शहरात अटक झाली होती. केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून पुस्तके वाचली, हा त्यांचा अपराध! १९६३ च्या जूनमध्ये नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांची येथेच घरासमोर हत्या झाली. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १९७० च्या प्रारंभी शाळांतील वर्णभेद मोडला, आणि त्याबरोबरच गोऱ्या कुटुंबांनी शहर सोडून बाहेरच्या वस्त्यांकडे जाण्यास वेग आला. ज्यांच्या हाती पैसा होता ते गेले, आणि त्यांच्यामागून दुकानेही गेली. १९७८ साली मेट्रोसेंटर नावाचा अधिक मोठा बाजार शहरात उघडला व जुन्या बाजाराचे गिऱ्हाईक त्याने ओढून घेतले. (पुढे त्या मेट्रोसेंटरलाही तीच अवकळा आली, हा काळाचा न्याय.) दशकाच्या अवधीत एकेक गाळा बंद पडत गेला. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास सुमारे नऊ लाख चौरस फुटांची ती वास्तू जवळजवळ ओस पडली होती.

याच १९७० साली त्या शहरात आणखी एक संस्था जन्मास आली होती : जॅक्सन-हाइंड्स हे गरिबांसाठीचे आरोग्यकेंद्र. तिच्या संस्थापकांपैकी एक होते डॉ. आरन शर्ली. १९३३ साली मिसिसिपीतच जन्मलेले शर्ली टुगालूचे पदवीधर. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी नॅशव्हिलच्या मेहॅरी महाविद्यालयात घेतले, कारण त्यांच्या स्वतःच्या राज्यातील वैद्यकीय विद्यापीठाची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. १९६५ साली त्याच विद्यापीठाच्या रुग्णालयात बालरोगाच्या उच्च शिक्षणासाठी त्यांना प्रवेश मिळाला. तेथील ते पहिले कृष्णवर्णीय निवासी डॉक्टर होत. पुढे काही काळ संपूर्ण राज्यातील ते एकमेव कृष्णवर्णीय बालरोगतज्ज्ञ होते.

ओस बाजाराकडे पाहून इतरांना जे सुचले नाही ते शर्लींना १९९५ च्या सुमारास सुचले. बाजाराभोवतीच्या वस्तीत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांनी गांजलेली गरीब कुटुंबे राहत होती. या रोगांवर एका भेटीत इलाज होत नाही. डॉक्टर, रक्ततपासणी, डोळ्यांची परीक्षा, औषधालय, अशा चार ठिकाणी चार दिवस हेलपाटे घालावे लागतात, आणि रोजंदारी बुडवून हे करणे गरिबाला परवडत नाही. हे सारे एका छपराखाली आले तर? १९९६ साली यासाठी प्रतिष्ठान स्थापन झाले. त्यात भागीदार झाल्या तीन संस्था : ग्रंथालयात वाचल्याबद्दल ज्याचे विद्यार्थी तुरुंगात गेले ते टुगालू महाविद्यालय, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८७७ साली सुरू झालेले व पुढे जॅक्सन राज्य विद्यापीठ या नावाने वाढलेले विद्यालय, आणि एके काळी गोऱ्यांपुरतेच असलेले ते वैद्यकीय विद्यापीठ. या तिघांनी एका मेजाभोवती बसावे, यातच तीस वर्षांचा इतिहास सामावलेला आहे.

बाजाराचा दवाखाना करणे सोपे की अवघड? दोन्ही. विस्तीर्ण वाहनतळ, बसचा जुना मार्ग, जिने न चढता थेट आत येण्याची सोय, रुंद मार्गिका आणि मोकळे दालन, ही सारी म्हाताऱ्या व पांगळ्या रुग्णाच्या उपयोगाची. याउलट दुकानाला खिडकी नसते. कापडाच्या दुकानाला पाण्याचा नळही लागत नाही. परंतु प्रत्येक तपासणी-खोलीत हात धुण्यास कुंडी हवी, म्हणजे जमीन फोडून सांडपाण्याच्या नळ्या टाकणे आले. क्ष-किरण खोलीच्या भिंतींत शिसे बसवावे लागते. वायुवीजन व वीज यांची मांडणीही नव्याने करावी लागते. एवढे करूनही नवे रुग्णालय बांधण्यापेक्षा पाया, छप्पर व जमीन आयती मिळते. वैद्यकीय विद्यापीठाने आपले बाह्यरुग्ण विभाग येथे आणले. त्यांच्या जोडीला सार्वजनिक आरोग्याची कार्यालये आली, आणि काही गाळ्यांत दुकानेही टिकून राहिली.

या सहकार्याचे एक फळ जगाच्या उपयोगी पडले. कृष्णवर्णीयांत हृदयविकार अधिक का, याचा शोध घेणारा ‘जॅक्सन हृदय-अभ्यास’ याच तीन संस्थांनी हाती घेतला. २००० ते २००४ या काळात जॅक्सन परिसरातील पाच हजारांहून अधिक प्रौढ स्त्री-पुरुषांनी त्यात भाग घेतला. त्यांची तपासणी झाली ती याच जुन्या बाजारात. ज्या समाजाला वैद्यकीय प्रयोगांच्या नावाखाली पूर्वी फसविले गेले होते, त्याने एवढ्या संख्येने विश्वास टाकावा, याला ती ओळखीची जागा व आपल्यातील माणसे कारण झाली असावीत, असे मला वाटते.

पुढे इतरांनीही ही वाट चोखाळली. नॅशव्हिलच्या वन हंड्रेड ओक्स या बाजाराच्या वरच्या मजल्यावर व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २००९ साली दवाखाने थाटले, आणि २०२० साली ती मिळकतच विकत घेतली. मेंफिस येथील सीअर्स कंपनीचे १९२७ चे अवाढव्य कोठार १९९३ साली बंद पडले होते. ते २०१७ साली दवाखाने, शाळा, घरे व कलादालने यांनी पुन्हा गजबजले. ग्रुएनच्या मनातला चौक अशा रीतीने, त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, बाजाराच्या अवशेषांत साकार झाला.

डॉ. शर्ली २०१४ च्या नोव्हेंबरात निवर्तले. त्यांच्या केंद्राने जॅक्सनचे दारिद्र्य नाहीसे केले नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. परंतु व्यापार निघून गेला तरी वस्ती मागे उरते, आणि उरलेल्यांच्या गरजा संपत नाहीत, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली. दुसरी गोष्ट संस्थाचालकांनी विशेष ध्यानी घ्यावी अशी. ही वास्तू एकट्या कोणाच्या मालकीची राहिली असती तर बहुधा पुन्हा ओस पडली असती. आपापला जुना मान, जुने दुःख व जुना राग घेऊन आलेल्या तीन संस्थांनी किल्ल्या एकत्र ठेवल्या, म्हणून दारे उघडी राहिली. संस्था उभी करण्यास धन लागते. ती चालू ठेवण्यास मात्र किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्याचे औदार्य लागते.