लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त का वाढत नाही? दीर्घ आजार आणि रक्तक्षय

जयंतीनिमित्तच्या रक्तदान शिबिरात हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमपेक्षा कमी भरले की रक्तदात्याला परत पाठवले जाते. ‘बीट खा, लोहाच्या गोळ्या घ्या’, एवढ्यावर विषय संपतो. पण प्रत्येक रक्तक्षय केवळ लोहाच्या कमतरतेमुळे होत नाही. त्यामागे जुना आजारही असू शकतो.

नेमके काय घडते?

संसर्ग किंवा दाह बराच काळ राहिला की यकृतात ‘हेप्सिडिन’ हे संप्रेरक जास्त तयार होते. मग आतड्यातून लोह कमी शोषले जाते आणि साठ्यातले लोह बाहेर पडत नाही. कोठीत धान्य आहे, पण कोठीला कुलूप आहे, अशी ही अवस्था. सुमारे १२० दिवस जगणाऱ्या लाल पेशींचे आयुष्यही घटते.

धोका कोणाला जास्त?

- क्षयरोग, एचआयव्ही किंवा इतर दीर्घ संसर्ग असलेल्यांना.
- मूत्रपिंडाच्या रुग्णांना. लाल पेशी तयार करण्याचा संदेश देणारे एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातच बनते. अनियंत्रित मधुमेह आणि रक्तदाब मूत्रपिंड बिघडवतात.
- आमवात, ल्युपस, आतड्यांचा दीर्घ दाह, कर्करोग आणि हृदयविकाराच्या काही रुग्णांना.
- वयस्कांना, कारण वयाबरोबर असे आजार वाढतात.

यात अपुरा आहार, पाळीतील जास्त रक्तस्राव आणि उशिरा निदान यांची भर पडते. तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, म्हणून दवाखाना लांबतो. बाईचा थकवा तर घरात आजार म्हणून धरलाच जात नाही.

काय करावे?

हिमोग्लोबिन कमी असल्यास डॉक्टरांना फेरिटिन आणि क्रिएटिनिन तपासणीविषयी विचारा. लोह कमी असेल तर फेरिटिन घटते; दीर्घ आजारात ते सामान्य किंवा जास्त दिसू शकते. दोन्ही कारणे एकत्रही असतात, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नका. विदर्भात सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. तो वेगळा, आनुवंशिक आजार आहे.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप किंवा वजनात घट असेल तर क्षयरोगाची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. उपचारकाळात निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात.

मूळ आजारावर उपचार झाले तरच रक्त सुधारते. म्हणून शिबिरातून परत गेलेल्यांची यादी ठेवा आणि ते तपासणीपर्यंत पोहोचले का, याचा पाठपुरावा करा.